पाण्याची खात्री आणि सिंचनाची निवड : वाचकांचे प्रश्न

पाणीटंचाई, बदलते हवामान आणि सिंचनाच्या पद्धती या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ठिबकने पाणी वाचते हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही टंचाईच्या भागातले कितीतरी शेतकरी सऱ्यांतून किंवा वाफ्यांतून मोकाट पाणी देतात. हे अज्ञान म्हणावे की आळस?

उत्तर : बहुतेक वेळा यांपैकी काहीच नाही. शेताला दिलेल्या पाण्यापैकी पिकाच्या मुळांशी किती टिकते, याचे अन्न व कृषी संघटनेने दिलेले ढोबळ प्रमाण प्रवाही सिंचनात ६० टक्के, तुषार सिंचनात ७५ टक्के आणि ठिबक सिंचनात ९० टक्के असे आहे. एवढेच आकडे पाहिले तर निवड सोपी वाटते. परंतु शेतकऱ्याच्या निर्णयात पाणी किती मिळणार यापेक्षा ते केव्हा मिळणार, किती वेळ मिळणार आणि सांगितलेल्या दिवशी खरोखर येणार का, हे प्रश्न अधिक वजनदार ठरतात.

कालव्याचे आवर्तन वीस दिवसांनी येते आणि पिकाची गरज दिवसाला ५ मिलिमीटर आहे, असे धरू. दोन आवर्तनांच्या मधल्या काळासाठी १०० मिलिमीटर पाणी कोठेतरी साठवून ठेवावे लागेल. मध्यम पोताची जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असे साधारण १०० ते १७५ मिलिमीटर पाणी धरते. म्हणजे मुळे पुरेशी खोल जाणारे पीक असेल, तर जमीन हीच शेतकऱ्याची टाकी असते आणि पाणी आले की ती भरून घेणे हा शहाणपणाच असतो. ठिबकचा स्वभाव याच्या उलट आहे. त्याला रोज किंवा एक दिवसाआड थोडे थोडे पाणी लागते. कालव्यावरच्या शेतकऱ्याला ते द्यायचे, तर हेक्टरी किमान १,००० घनमीटर पाणी मावेल असे तळे हवे, त्यासाठी जमीन गुंतवायला हवी आणि शिवाय पंप हवा. आवर्तनाची तारीख कधी पाळली जाते, कधी पुढे सरकते, असा अनुभव असेल तर शेतकरी आलेल्या संधीला गरजेपेक्षा जास्तच पाणी भरतो. त्याला उधळपट्टी म्हणण्यापूर्वी वेळापत्रक कोणी मोडले, हे विचारले पाहिजे.

दुसरी बाजू ऊर्जेची आहे. एक घनमीटर पाणी १०० मीटर खोलीवरून वर आणण्यास सिद्धान्ततः ०.२७ युनिट वीज लागते, आणि पंप व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता निम्मी धरली तर ती सुमारे ०.५५ युनिटपर्यंत जाते. ठिबकला लागणारा दाब म्हणजे आणखी १० ते १५ मीटरची उचल. खोल कूपनलिकेच्या मालकाला ही भर किरकोळ वाटते, कारण ६० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेल्यास उपसावे लागणारे पाणीच एकतृतीयांशाने घटते आणि त्याचे वीजबिलही उतरते. ज्याच्या शेतात कालव्याचे पाणी उताराने आपोआप येते, त्याला मात्र ठिबकसाठी शून्यावरून वीजखर्च सुरू करावा लागतो. एकाच परिसरातले दोन शेजारी परस्परविरुद्ध निर्णय घेतात आणि दोघांचाही हिशेब बरोबर असतो, तो यामुळेच.

प्रश्न : तापमान वाढत आहे. म्हणजे त्याच पिकाला आता पूर्वीपेक्षा किती अधिक पाणी द्यावे लागेल?

उत्तर : तापमान एवढे वाढले म्हणजे पाणी एवढे वाढवा, असे सरळ कोष्टक देता येणार नाही. पिकाची पाण्याची गरज म्हणजे जमिनीवरून होणारे बाष्पीभवन आणि पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन यांची बेरीज. ही बेरीज ऊन, तापमान, हवेतील आर्द्रता आणि वारा या चौघांवर मिळून ठरते. जगभर आज जी पद्धत प्रमाण मानली जाते, त्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पेनमन-मॉन्टीथ पद्धतीत हे चारही घटक लागतात. तिच्यासोबत दिलेल्या सरासरी अंदाजानुसार उष्ण पण दमट प्रदेशात संदर्भ गवताची, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण धरलेल्या गवताची, दिवसाची गरज ५ ते ७ मिलिमीटर, तर उष्ण आणि कोरड्या प्रदेशात ती ६ ते ८ मिलिमीटर असते. पारा तोच असला तरी कोरडी हवा आणि वारा पिकाकडून अधिक पाणी ओढून घेतात. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, हे लक्षात घेतले की या फरकाचे वजन कळते.

तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हवेतील प्रत्यक्ष बाष्प त्या प्रमाणात वाढले नाही, तर हवेची तहान वाढते आणि पिकाची गरजही. उलट दिशेने काम करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की पानांवरची रंध्रे काहीशी मिटतात आणि बाष्पोत्सर्जन थोडे कमी होते. तसेच उष्णतेमुळे पीक लवकर तयार होते, म्हणून हंगामाची एकूण गरज कधी कधी घटतेसुद्धा. मात्र ही दुसरी बचत समाधानाची नाही, कारण पीक आटोपते लवकर, तेव्हा दाणे भरण्याचा काळही आखडतो आणि उत्पन्न बसते.

माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने सरासरी गरजेतल्या वाढीपेक्षा पावसाच्या वाटणीतला बदल जास्त महत्त्वाचा आहे. पाऊस थोड्या दिवसांत जोराने कोसळतो आणि दोन पावसांतले कोरडे अंतर लांबते, तेव्हा हंगामाची बेरीज पूर्वीएवढी असूनही पीक मध्येच वाळते. चिकण जमिनीत पाणी मुरण्याचा वेग ताशी १ ते ५ मिलिमीटर इतकाच असल्याने मुसळधार पावसाचा मोठा भाग वाहूनच जातो. अशा ठिकाणी पूर्ण हंगामाचे सिंचन उभारण्याऐवजी खंडाच्या काळात एक-दोन संरक्षित पाणी देता येईल एवढाच साठा करण्याकडे शेतकरी वळतो. बर्फाच्छादित पर्वतांतून येणाऱ्या नद्यांवर अवलंबून असलेल्यांची अडचण निराळी असते. तेथे बर्फ लवकर वितळल्याने नदीचे भरते अलीकडे सरकते आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा गरज सर्वाधिक असते, तेव्हा प्रवाह आटतो. पेरणीची तारीख हलवणे आणि कमी दिवसांचे वाण घेणे हे तेथील शेतकऱ्यांचे पहिले उपाय असतात. त्यांना कोणी सिंचनाचे उपाय म्हणत नाही, पण ते तसेच आहेत.

साठ्याविषयी एक सूचना येथेच करतो. उघड्या तळ्यावरून दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडत असेल, तर शंभर दिवसांत ६० सेंटिमीटर जाते. उभ्या भिंतींच्या तीन मीटर खोल तळ्यातला हा पाचवा हिस्सा झाला. दीड मीटर खोल तळ्यात तोच ४० टक्के होतो. तेवढ्याच पाण्यासाठी उथळ आणि पसरट तळे खोदणे, हे टंचाईच्या प्रदेशात परवडणारे नाही.

प्रश्न : माझ्याकडे दहा एकर जमीन आहे, पाणी मात्र आठ एकरांपुरतेच आहे. सर्व दहा एकरांना थोडे कमी पाणी द्यावे की आठ एकरांना पोटभर द्यावे?

उत्तर : याचे उत्तर पिकावर अवलंबून आहे आणि त्यासाठी एक उपयोगी मोजमाप उपलब्ध आहे. अन्न व कृषी संघटनेने १९७९ साली निरनिराळ्या पिकांचे उत्पादन-प्रतिसाद गुणांक प्रसिद्ध केले. पिकाच्या पाणीवापरात एक टक्का तूट आली, तर उत्पन्न किती टक्के घटते, हे त्यांवरून कळते. संपूर्ण हंगामाचा विचार करता मक्याचा गुणांक १.२५, तर कापसाचा ०.८५ आहे.

आता आपला हिशेब करू. आठ एकरांना पूर्ण पाणी दिल्यास पूर्ण उत्पन्नाचे आठ भाग मिळतील. तेच पाणी दहा एकरांवर पसरल्यास प्रत्येक एकराला २० टक्के तूट येईल. मका असेल तर उत्पन्न २५ टक्क्यांनी घटून एकूण साडेसात भागच हाती येतील, म्हणजे दोन एकर जास्त पेरून अर्धा भाग गमावला. कापूस असेल तर घट १७ टक्के, आणि एकूण ८.३ भाग मिळतील. पण या जादा ०.३ भागासाठी दोन एकरांचे बियाणे, खत आणि मजुरी घातलेली असेल. म्हणून ताण सोसणाऱ्या पिकातही पाणी पसरण्याचा फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो. उरलेले दोन एकर पडीक ठेवण्याऐवजी तेथे पावसावर येणारे कोरडवाहू पीक घेता येते.

या गणिताला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, ही तूट पिकाने प्रत्यक्ष वापरलेल्या पाण्यातली आहे, आपण शेतात सोडलेल्या पाण्यातली नाही. आजवर आपण गरजेपेक्षा जास्त पाणी देत असाल आणि त्यातले काही मुळांच्या खाली झिरपत असेल, तर २० टक्के कपात पिकाला जाणवणारही नाही. त्यामुळे आधी तेवढे पाणी पिकाच्या खरोखर उपयोगी पडते का, हे फावड्याने उकरून मुळांच्या खोलीवरील ओल पाहून ठरवावे. दुसरी मर्यादा वेळेची. सर्व दिवस सारखे नसतात. मक्याला तुरा आणि कणसाचे केस येण्याच्या सुमारास ताण बसला, तर नंतर कितीही पाणी दिले तरी कणसात दाणे भरत नाहीत. पण सुरुवातीच्या वाढीत थोडा ताण बसल्यास पीक बरेचसे सावरते. म्हणून कपात करायचीच असेल, तर ती सरसकट प्रत्येक पाळीत न करता पिकाच्या सोशिक अवस्थेत करावी आणि फुलोऱ्याचे पाणी राखून ठेवावे. हे जमण्यासाठी फुलोऱ्याच्या आठवड्यात पाणी मिळेलच, असा भरवसा लागतो. ज्याची विहीर त्या दिवशी साथ देईल याची शाश्वती नाही, त्याने पुस्तकी पद्धतीने ताण देण्याचा प्रयोग करू नये, सरळ क्षेत्र कमी करावे.

प्रश्न : भाताच्या खाचरात सतत पाणी उभे ठेवणे आवश्यक असते का?

उत्तर : नाही. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या आलटून-पालटून भिजवण्याच्या पद्धतीत खाचरात छिद्रे पाडलेली नळी रोवतात, तिच्यातील पाण्याची पातळी जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेली की पुन्हा पाणी देतात आणि फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी उभे ठेवतात. यात सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते, उत्पन्न सहसा घटत नाही आणि खाचरातून निघणारा मिथेन वायूही बराच कमी होतो. तण वाढण्याची तक्रार खरी आहे. शेतकरी ही पद्धत नाकारतात त्याचे मुख्य कारण मात्र पुन्हा तेच आहे: पातळी खाली गेल्यावर हुकमी पाणी मिळणार नसेल, तर खाचर भरलेले असणे हाच त्यांचा विमा असतो.

प्रश्न : आमच्या कूपनलिकेचे पाणी मचूळ होत चालले आहे. ठिबक केल्यास जमीन क्षारपड होण्यापासून वाचेल का?

उत्तर : पाणी कमी लागल्याने क्षारही कमी येतील, हे खरे आहे. पण आलेले क्षार जातात कोठे, हेही पाहिले पाहिजे. ज्या पाण्याची विद्युतवाहकता (हिच्यावरून पाण्यातले क्षार मोजतात) १ डेसिसायमन प्रति मीटर आहे, म्हणजे जे चवीला फारसे खारटही लागत नाही, त्यात लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. असे पाणी हंगामात ५०० मिलिमीटर दिले, तर हेक्टरी सुमारे ३,२०० किलो क्षार जमिनीत येतात. पीक पाणी घेते, क्षार बहुतांशी मागेच ठेवते.

ठिबकमध्ये हे क्षार ड्रिपरखालच्या ओल्या भागाच्या कडेला आणि पृष्ठभागावर साचतात. मुळे मधल्या गोड्या भागात सुखाने राहतात, म्हणून मचूळ पाण्यासाठी ठिबक चांगलेच. तुषारने तेच पाणी पानांवर पडले तर पाने करपतात. धोका पहिल्या हलक्या पावसाचा असतो. तो पाऊस कडेचे क्षार विरघळवून थेट मुळांच्या भागात ढकलतो, आणि पाऊस पडूनही पीक मलूल झाल्याचे पाहून शेतकरी गोंधळतो. अशा पावसात ठिबक बंद न करता चालूच ठेवावे, हे विचित्र वाटले तरी योग्य आहे. याशिवाय हंगामातून एकदा तरी, शक्यतो भरपूर पावसाच्या मदतीने, क्षार मुळांच्या खाली धुऊन काढावे लागतात आणि त्यासाठी जमिनीला निचरा हवा. ज्या भारी जमिनीत निचराच नाही, तेथे केवळ नळ्या अंथरून क्षारांचा प्रश्न पुढे ढकलला जातो. पाणी आणि माती दोन्ही तपासून घेतल्याशिवाय खर्च करू नये.

प्रश्न : थंड प्रदेशांत कडाक्याच्या थंडीत रात्री बागांवर तुषार चालवतात, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. पाणी गोठताना किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता सोडते आणि जोवर फुलांवर नवे पाणी पडून गोठत राहते, तोवर त्यांचे तापमान शून्याच्या फारसे खाली जात नाही. ताशी ३ मिलिमीटर दराने दहा तास तुषार चालवल्यास हेक्टरी ३०० घनमीटर पाणी एका रात्रीत लागते, तेही सर्व बागेला एकाच वेळी. मध्येच पाणी संपले, तर न भिजवलेल्या बागेपेक्षा अधिक नुकसान होऊ शकते. पाणी तुटपुंजे असलेले बागायतदार म्हणूनच हवा ढवळणारे मोठे पंखे पसंत करतात.

प्रश्न : सर्वांनी ठिबक किंवा तुषार केले, तर भूजल पुन्हा वर येईल का?

उत्तर : आपोआप येणार नाही, आणि काही ठिकाणी ते आणखी खाली गेले आहे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाबाबत दाखवून दिले होते की, यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळशाचा एकूण खप कमी होत नाही, उलट वाढतो. पाण्याचेही तसेच घडते. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात ओगालाला भूजलसाठ्यावर शेती करणाऱ्यांना अधिक कार्यक्षम तुषार संच बसवण्यासाठी सरकारी साहाय्य मिळाले. त्यानंतरच्या अभ्यासात भूजलाचा उपसा कमी होण्याऐवजी वाढल्याचे आढळले, कारण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी अधिक क्षेत्र भिजवले आणि अधिक पाणी लागणारी पिके घेतली. त्यात त्यांचा दोष काढता येत नाही. वाचलेले पाणी वापरू नये, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

शिवाय मोकाट सिंचनात वाया गेलेले म्हणून मोजले जाणारे पाणी नेहमीच वाया जात नाही. त्यातले काही पाझरून भूजलात मिळते, काही खालच्या अंगाच्या ओढ्यात उतरते आणि तेथील विहिरींना आधार देते. वरच्या शेतकऱ्याने ठिबक केले आणि वाचलेले पाणी नव्या क्षेत्राला दिले, तर त्याचा फायदा होतो आणि खालच्याची विहीर आटते. जेथे पाझरणारे पाणी खाऱ्या थरात किंवा समुद्रात जाते, तेथील बचत मात्र निखळ असते. म्हणून बचतीचा दावा शेतापुरता न तपासता संपूर्ण खोऱ्यापुरता तपासावा लागतो.

कायद्याचाही भाग आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक राज्यांत नदीच्या पाण्यावरचा हक्क ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा आधी, असा चालतो आणि दीर्घकाळ वापर न केल्यास तो हक्क जाऊ शकतो. अशा ठिकाणी काटकसर करणाऱ्यालाच भीती वाटते.

याच कॅन्सासमध्ये वेगळे उदाहरणही आहे. शेरिडन परगण्यातील एका पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच पुढाकार घेऊन २०१३ पासून पाच वर्षांसाठी उपसा २० टक्क्यांनी कमी करण्याची मर्यादा स्वतःवर घालून घेतली आणि तिला राज्याची कायदेशीर मान्यता मिळवली. प्रत्यक्षात उपसा ठरवल्यापेक्षा अधिक घटला. ही घट मुख्यतः आहे त्याच क्षेत्राला कमी पाणी देऊन साधली गेली. पाच वर्षांचा कोटा एकत्रित असल्याने कोरड्या वर्षी जास्त आणि ओल्या वर्षी कमी उपसण्याची मोकळीक होती, आणि प्रत्येक विहिरीवर मीटर होता. मी वाचवलेले पाणी शेजारी उपसून नेईल, ही शंका मीटरनेच मिटते. संच कोणता आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रश्न : हंगामी पिकांत भाव नाही, म्हणून संपूर्ण क्षेत्रावर ठिबक करून फळबाग लावण्याचा विचार आहे. पाणी बेताचे आहे. काय करावे?

उत्तर : संपूर्ण क्षेत्रावर लावू नये. हंगामी पिकाचा शेतकरी कोरड्या वर्षी पेरणीच टाळू शकतो; बागायतदाराला ती सवलत नसते, कारण एका वर्षाचा खंड त्याची अनेक वर्षांची गुंतवणूक वाळवू शकतो. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या अवर्षणात केंद्र सरकारच्या कालव्यांवरील अनेक शेतकऱ्यांना २०१४ आणि २०१५ साली शून्य पाणी मंजूर झाले. बदामाच्या बागा जगवण्यासाठी तेथे खोल कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्याच काळात अनेक घरांच्या उथळ विहिरी कोरड्या पडल्या. त्या राज्याचा भूजल नियमनाचा कायदा २०१४ चाच आहे.

ऑस्ट्रेलियातील मरी-डार्लिंग खोऱ्यात दीर्घ अवर्षण पडले, तेव्हा भातशेती जवळजवळ थांबली, आणि भातवाल्यांनी आपल्या वाट्याचे पाणी बागायतदारांना विकले. बागा त्यामुळे तगल्या. पण तेथे प्रत्येकाचा वाटा मोजलेला होता, पाणी विकण्याचा कायदेशीर बाजार होता आणि पाणी सोडायला तयार असलेली हंगामी शेती शिल्लक होती. सगळ्यांनीच बागा लावल्या असत्या, तर विकायला पाणी कोणाकडेच नसते.

आपल्या पाणीसाठ्याच्या गेल्या काही वर्षांतील सर्वांत वाईट वर्षाचे पाणी धरून जेवढी झाडे जगतील तेवढीच लावावीत आणि उरलेले क्षेत्र हंगामी पिकांसाठी मोकळे ठेवावे. हा हिशेब पूर्ण बहाराच्या गरजेवर न करता झाड जिवंत ठेवण्याच्या गरजेवर करता येतो. अवर्षणाच्या वर्षी फळे काढून टाकली, छाटणी कडक केली आणि बुंध्याभोवती जाड आच्छादन घातले, तर बरीच फळझाडे नेहमीपेक्षा पुष्कळ कमी पाण्यावर तग धरतात. त्या वर्षीचे उत्पन्न जाते, आणि पुढच्या वर्षीचा बहारही बहुधा हलकाच येतो. लागवडीच्या खर्चाचा आराखडा करताना ही दोन्ही वर्षे त्यात धरावीत.